चुना न पडलेला वाफा

आमच्या घरात तिखट खायची चोरी होती. लग्न होऊन आली तवा मले हे कोणी सांगतलं नव्हतं. पहिल्याच दिवशी म्या हौसेनं हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला, तं सासू हातातलं टाकून धावत आली. ठेचा उचलला अन् नेऊन उकिरड्यावर फेकला. "अवं, त्याची जीभ मारतं का?" म्हणे. मले काही उमजेना. मंग कळलं, माझा नवरा माती चाखते.

हसू नका. तवा हे काम होतं, अन् मानाचं होतं. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, टाळूले लावायची, डोळे मिटून बसायचं, थुंकायचं अन् सांगायचं. खारी हाय, आंबट हाय, गोड हाय, थकली हाय. अकोल्याकडच्या खाऱ्या पट्ट्यातून लोक बैलगाडी घेऊन त्यायले न्यायले येत. नवीन वावर घ्यायचं हाय, बोलवा नत्थुजीले. गाव त्यायले नत्थुजी म्हणे. मी नाव घेत नाई, मी 'हे' म्हणे. अजूनही तेच म्हणते.

त्या जिभेपायी मिरची नाई, लसूण नाई, तंबाखू नाई, पान-चुन्याचं तं नावच नाई. भाकर, मुगाचं वरण अन् ताक. आजाऱ्याचं जेवण मी जन्मभर जेवली. पोटी लेकरू नव्हतं, म्हणून दिवसभर भांडायले आमी दोघंच. मी म्हणे, "तुमी माती चाखता अन् मी राख खाते." ते हसत. हसले की त्यायची जीभ दिसे, गुलाबी, लहान्या पोट्ट्यावाणी. माणूस वाईट नव्हता हो. अभिमान तेवढा होता, अन् तोही जिभेपुरताच.

मंग कापसाचं येड आलं. कुठं तरी दूरदेशी लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, असं अमरावतीचे व्यापारी सांगत. आमाले त्या लढाईचं काय? पण आमच्या खुशालराव पाटलानं बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं बांधली. लोकांनी गायरानं मोडली, ज्वारी सोडली. काळ्या मातीत डोळे झाकून सरकी टाका, कापूस घ्या. माती चाखणाऱ्याले कोण विचारते? हे सकाळी ओट्यावर बसत अन् रस्त्यानं जाणाऱ्या कापसाच्या गाड्या मोजत. कोणी थांबत नव्हतं.

एक बाई तेवढी बोलवत राहिली. बिस्मिल्लाबी.

अर्क काढणाऱ्याची विधवा ती. गावशिवेवर, डोंगराच्या पायथ्याशी, चांदूरकडून येणाऱ्या नाल्याच्या काठी तिचं बारकं वावर अन् झोपडं. डोंगरातला पाला पावसात वाहून येई, तिथंच सडे, पाणी साचे. त्यानं माती आंबट. नवरा होता तवा दोघांनी तिथं पुदिना लावला तं तो वीतभर येऊन खुजा राहे. ह्यायनं चाखून सांगतलं, "बाई, इथं विझवलेला चुना टाक. पण भाजीत मीठ टाकतं तसा, बेतानं. महिन्यानं मी पुन्हा चाखीन." दुसऱ्या साली पुदिना गुडघ्याले लागला. तांब्याच्या देगीत तो शिजवायचा, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवायची. भपका म्हणजे थंड पाण्यात बुडवलेलं भांडं. त्यात वाफेचा अर्क होई, अन् त्यावर तेल तरंगे. भपक्याचं तोंड उघडलं की दूरच्या माणसाचे डोळे गार होत.

गावात घरटी एक कुपी होती त्या अर्काची. उन्हाळ्यात मरी आली, माणूस उलट्या-हगवणीनं आडवा झाला, की दुसरं होतं काय आमच्याजवळ? मरीमाई, म्हणजे ह्या रोगाची देवी, जे करीन ते करीन, पण लोक आधी बिस्मिल्लाबीकडे पळत.

चुन्याची गोष्ट तिघातच होती. बिस्मिल्लाबी, हे अन् मी. तिच्या धंद्याचं गुपित होतं, अन् ह्यायनं शब्द दिला होता. माती उलथून घातली की चुना दिसतही नाई.

आता ज्या साली हे घडलं, त्या साली बडनेऱ्याच्या अंगानं आगगाडीच्या पुलाचं काम चालू होतं. फाल्गुनात पाटलाच्या पोरीचं लग्न लागलं. मांडवात पाटलानं आपल्या हातानं विडे वाटले. ह्यायच्यापाशी आला तं ह्यायनं हात जोडले. दर वेळी जोडत, अन् कोणी वाईट वाटून घेत नव्हतं. पण तवा पाटलाले नवा पैसा चढला होता.

"नत्थुजी, माझ्या पोरीच्या मांडवात तरी जीभ राखू नका," म्हणे. "का आमचा विडा कमी जातीचा हाय?"

सारा मांडव पाहून राहिला होता. ह्यायनं बायांच्या गर्दीत मले शोधलं. मी खाली पाहिलं. काय करू? पाटलाचा विडा चारचौघात परतवायचा अन् त्याच गावात राहायचं? त्यायनं घेतला. वाढपी नवे, माप कोणाले ठाऊक नाई, पानाले चुना बोटानं नाई, पळीनं चोपडलेला.

दुसऱ्या दिवशी तोंडाची सालटं निघाली. चार दिवस नुसतं ताक. म्या विचारलं, "आवो, तोंड भाजलं ना तुमचं?"

"चूप बैस," म्हणे.

जन्मात पहिल्यांदा मले चूप म्हटलं, अन् जन्मात पहिल्यांदा मी चूप बसली. एरवी माझं तोंड कधी थांबत नाई, हे गाव जाणते. त्या दिवशीच काहून थांबलं? मले ते आजही टोचते.

पाचव्या दिवशी बिस्मिल्लाबीचा निरोप आला, माती चाखायले या. आठ दिवसानं येतो, एवढंच म्हणायचं होतं. पण मंग काहून, ते सांगावं लागलं असतं. तीस वर्षांचं नाव, अन् विचारणारी एकच बाई उरलेली. ते उठले. मी मांगं मांगं गेली.

त्यायनं चिमूट जिभेवर ठेवली अन् तोंड वाकडं केलं. भाजलेल्या जिभेले मऊ भात लावला तरी चरचरते, हे शेंबड्या पोट्ट्यालेही कळते. पण त्यायले वाटलं, हा आंबटपणाच. का तसं वाटून घेतलं, देव जाणे.

"आंबट हाय. बक्कळ आंबट. वाफ्याले चार टोपल्या चुना टाक."

"चार?" बिस्मिल्लाबी म्हणे. "भाऊ, दरसालची तं अर्धी टोपली. अन् पानं हिरवीगार हायेत ना."

"पानं सांगतात, की मी सांगतो?"

बारा वर्षं ह्या जिभेनं तिचं घर चालवलं होतं. पुलाच्या कामावरच्या भट्टीतून तिनं गुपचूप आपल्याच हातानं ताजा चुना आणला, अर्धवट विझलेला, खड्याखड्याचा. घरी येताना वाटभर मी ह्यायच्या पाठीकडे पाहत चालली. बोलली नाई.

चैत्र सरता सरता पुदिना पिवळा पडला. शिरा हिरव्या अन् बाकी पान हळदीवाणी पिवळं. देठ कडक. पान चुरगाळून नाकाशी नेलं तं ओल्या गवताचा वास. अन् त्याच दिवसात खबर आली की बडनेऱ्याच्या पुलावरच्या मजुरात मरी शिरली. आज तिथं पाच, उद्या अलीकडच्या गावात दोन. कापसाच्या गाड्या त्याच वाटेनं येत, त्यायचे बैल आमच्याच नाल्यावर पाणी पीत. घुंगरं वाजली की बाया लेकराले घरात ओढत. लोकांनी बिस्मिल्लाबीच्या दारात कुप्या आणून ठेवल्या.

तिनं देग चढवली. दिवसभर जाळ घातला. भपक्यात उतरलं ते पाणी. वर तेलाचा टिपूस नाई.

ती आमच्या दारी आली तवा तिच्या हातात मातीचं ढेकूळ होतं. ह्यायचं तोंड तवा बरं झालं होतं. त्यायनं चाखलं अन् मटकन खाली बसले.

"चुना," म्हणे मंग. "नुसता चुना. म्या मारलं तुझं वावर."

पान खाल्ल्याचं काही बोलले नाई. बिस्मिल्लाबीच म्हणाली, "भाऊ, कोपऱ्यातल्या एका वाफ्यात म्या टाकलाच नाई. तुमच्या शब्दाबाहेर गेली. मन झालं नाई." तो एकच वाफा हिरवा होता. पण एका वाफ्याच्या पाल्यानं देगीचं बूडही झाकत नव्हतं, म्हणून तिनं तो कापला नव्हता.

ह्यायनं ठरवलं, डोंगरातला सडका पाला आणायचा, आंबट ताक ओतायचं, चुना मारायचा. "आंबट काढायले गोड टाकलं, आता गोड काढायले आंबट टाकू," म्हणे. पण त्याले पाऊस पाहिजे, महिने पाहिजेत. मरी काय महिने थांबते?

तिसऱ्या दिवशी सकाळी गावानं शीव बांधायले काढली. म्हणजे हळदीच्या पाण्याची धार धरून गावाभोवती फिरायचं, मरीले आत येऊ द्यायचं नाई. पुढं पार्वताबाई. तिच्या अंगात माई येई. तिच्या हातात तांब्याभर हळदपाणी, मांगं घागरी घेऊन बाया, मांगं वाजंत्री, पाटील, सारं गाव. मीही होती. धार पडत होती, माती पिवळी होत होती. नाल्यापाशी आलो, बिस्मिल्लाबीच्या बांधावर पार्वताबाईनं धार धरली, अन् पाणी जमिनीले लागताच लाल झालं.

लाल म्हणजे रगतावाणी लाल. जिथं धार पडे तिथं रगत.

पार्वताबाईच्या हातातून तांब्या सुटला. ते सारं पाणी बांधावरून आत ओघळलं अन् वाफेच्या वाफे लाल झाले. वाजंत्री थांबली. एका बाईनं किंकाळी फोडली, मंग सगळ्यायनं. मले धरणी फाटून पोटात घेईन तं बरं, असं झालं. कारण मले माहीत होतं. हळद अन् चुना! पाय मुरगळला की घरोघरी हळद-चुन्याचा लाल लेप लावणाऱ्या बाया ह्या, अन् एकीच्याही डोक्यात उजेड पडला नाई! पण पडणार कसा? तिथं चुना हाय, हेच कोणाले ठाऊक नव्हतं. अन् भेलेल्या माणसाले डोळे राहत नाईत.

पार्वताबाई घुमायले लागली. "माई रगत ओकून राहिली! ह्या जागेवर माईले कोणी डिवचलं?"

सगळ्यायच्या माना झोपड्याकडे वळल्या. बिस्मिल्लाबी दारात उभी होती, मांगं तिची देग.

"काय शिजवते ही त्या देगीत?" कोणी तरी बोललं.

"यंदाचा अर्क काहून पाण्यावाणी?"

"हिनंच मरी आणली!"

याच लोकांच्या कुप्या तिच्या दारात रांगेनं ठेवल्या होत्या. एकानं दगड उचलला. दोघं जण चुड पेटवून आणायले गावाकडे पळाले. बिस्मिल्लाबीनं पळायचं नाव काढलं नाई, ती नुसती ह्यायच्याकडे पाहत होती. बोलली असती तं सुटली असती. 'चुना हाय, नत्थुभाऊनं सांगतला,' एवढं पुरे होतं. ती बोलली नाई. तिनं ह्यायचं नाव घेतलं नाई.

अन् मी? मी उभी होती. माझ्या तोंडात जीभ होती ना? गावाच्या नाकी नऊ आणणारी जीभ. बोलू म्हटलं तं नवऱ्याचं नाव मातीत जाते, पाटलाच्या विड्याची गोष्ट निघते. नाई बोललं तं ही बाई जळते. मी पदर तोंडात कोंबला.

गर्दीतून हे पुढं झाले. हळू चालत गेले, बांधावर बसले, त्या लाल मातीची चिमूट घेतली अन् तोंडात टाकली.

"नत्थुजी!" पाटील ओरडला. माईचं रगत तोंडात घातलं म्हटल्यावर लोक चार पावलं मांगं सरले. ह्यायनं डोळे मिटले. टाळूले लावली. अन् थुंकले नाई, गिळली.

"चुना हाय," म्हणे. "म्या टाकायले सांगतला. दरसाल सांगतो. यंदा म्या पान खाल्लं होतं, माझी जीभ भाजली होती, अन् म्या चुकीचं सांगतलं. बाईचा काही कसूर नाई. माईचाही नाई."

पान कोणी खाऊ घातलं, ते सांगतलं नाई. पाटलाची मान खाली गेली.

मले वाटलं, सुटलो. पण भेलेलं गाव असं सुटत नाई. पार्वताबाई म्हणाली, "ज्यानं माईचं रगत गिळलं त्याले माई सोडत नाई. पाहा तुमी!" दगड हातातच होते. चुडही आली होती. मंग पाटलानं तोंड उघडलं. त्यालेही काही करून चूक भरायची होती, असं मले वाटते.

"ऐका," म्हणे. "चुना असन तं नत्थुजीले काही व्हायचं नाई. माईचं रगत असन तं माई त्याले नेईन. नत्थुजी जित्ता हाय तोवर ह्या बाईच्या अंगाले कोणी हात लावायचा नाई. तो मेला, तं मंग मी मधात पडणार नाई."

लोकांनी दगड टाकले. त्या दिवसापासून बिस्मिल्लाबीचा जीव माझ्या नवऱ्याच्या पोटात ठेवला गेला.

ते आठ दिवस म्या कसे काढले, ते माझं मले ठाऊक. तांबडं फुटलं की दारात माणसं. "राम राम, नत्थुजी!" राम राम कशाचा? जित्ता हाय का पाहायले येत. ते शिंकले तं मी दचके. हे परसाकडे निघाले तं दोन डोळे त्यायच्या मांगं जात. गावात तोवर तीन माणसं मरीनं गेली होती, कोणाच्याही घरात ती शिरू शकत होती, अन् आमच्या घरात शिरली तं ती साधी मरी नसती मानली कोणी, गिळलेलं रगत भोवलं म्हटलं असतं. म्या पाणी उकळून दिलं, भात मऊ केला, देवापुढं नाक घासलं. ते म्हणत, "मनकर्णे, मले काही होत नाई. चुना पोटाले बरा असते." अन् रोज टोपली घेऊन बिस्मिल्लाबीच्या वावरात जात. डोंगरातला सडका पाला आणून वाफ्यात पुरत. तिकडे दुसरं कोणी फिरकत नव्हतं. लोक त्या बांधाकडे पाहतही नव्हते.

आठव्या दिवशी न्याहारी घेऊन मी गेली तं ते झोपड्यात आडवे होते. बिस्मिल्लाबी पाणी पाजत होती. तिचं तोंड पाहूनच मले कळलं.

"केव्हापासून?"

"आल्यापासून. चार डाव उलटी-हगवण झाली."

मातीनं नव्हतं झालं ते. नाल्याचंच पाणी प्याले होते ते, पाला वाहता वाहता तहान लागली म्हणून. पण हे कोणाले सांगायचं? कोण ऐकते? बिस्मिल्लाबीनं त्या सालचा अर्क पाजला, कुप्यामागून कुप्या. पाणीच ते. पाजता पाजता तिच्या डोळ्याले धार लागली. ह्यायनं हातानं नको म्हटलं. "त्यात काही नाई, बाई. म्याच काढलं ना त्यातलं सारं."

मंग ती उठली, विळा घेतला अन् कोपऱ्यातला तो हिरवा वाफा कापून काढला. देग चढवली. म्या जाळ घातला. बुडाशी मूठभर पाला, कितीसा अर्क येणार? पण आमी दोघी जाळ घालत राहिलो. दुसरं काय हातात होतं? ह्यायचे डोळे खोल गेले, हातापायात गोळे आले. मले जवळ बोलावलं.

"मनकर्णे, मी गेलो तं हिले जाळतील."

"गप बसा तुमी."

"मी जित्ता राहिलो पाहिजे. ऐकू आलं का? तू ठेव मले जित्ता."

दिवस कलला तवा भपक्यात थेंब थेंब उतरायले लागलं अन् झोपडंभर वास पसरला. तो जुना वास. डोळे गार करणारा. बिस्मिल्लाबी चमचा भरून धावत आली. ह्यायनं डोळे उघडले, नाक वर केलं, अन् एवढंसं हसले.

"हा बरोबर हाय," म्हणे.

चमचा ओठाशी होता तवाच गेले. अर्क हनुवटीवरून खाली ओघळला.

म्या किंकाळी फोडायले तोंड उघडलं अन् बिस्मिल्लाबीच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. ती मले अडवत नव्हती. ती म्हणाली, "रड बहीण. मी जाते गावात. सांगते. होऊ दे काय व्हायचं ते." खरंच निघाली होती. म्या तिचा पदर धरला अन् आपलं तोंड मिटलं.

सूर्य डोंगराआड जाता जाता आमी दोघींनी तो कापलेला वाफा खणला अन् ह्यायले त्यात ठेवलं. माती मऊ होती, चुना नव्हता तिच्यात. ना अग्नी दिला, ना मंत्र. तिनं तिच्या देवाचं काही म्हटलं, म्या माझ्या. वर पुदिन्याच्या काड्या पुन्हा टोचल्या. त्यायचं पागोटं अन् काठी तिनं ठेवून घेतली, कारण अकोल्याले जाणारा माणूस पागोटं मांगं ठेवत नाई.

"नत्थुजी कुठी हायेत?" दुसऱ्या दिवशी दारातल्यायनं विचारलं.

"अकोल्याकडून गाडी आली होती. वावरातूनच गेले," म्या म्हटलं. "खाऱ्या पट्ट्यात बक्कळ काम हाय."

कपाळावर कुंकू होतं. त्यायनं पाहिलं अन् गेले.

पावसाळ्यात मरी ओसरली. पाला मुरला, दुसऱ्या साली पुदिन्याले रंग आला, अर्कावर तेल तरंगलं, अन् बिस्मिल्लाबीच्या दारात पहिली कुपी कोणी आणून ठेवली? पार्वताबाईनं. मी पाहत होती. हसावं का तिच्या झिंज्या उपटाव्या, मले समजेना.

पण हे परत येईनात. गाव बोलायले लागलं. नत्थुजीनं अकोल्याले दुसरी केली. मनकर्णेच्या तोंडापायी माणूस पळाला. टाकलेली बाई. म्या सगळं ऐकलं अन् ह्या तोंडानं एक अक्षर काढलं नाई. त्याहून वाईट दुसरं होतं. बाया मले सवाशीण म्हणून बोलवत. ओटी भरायले, हळद लावायले. नाई म्हटलं तं शंका, हो म्हटलं तं पाप. मी जाई. कोणाची सून बाळंतपणात अडली, कोणाचा जावई आजारी पडला, की मले वाटे, माझ्याच हातच्या कुंकवानं. बत्तीस वर्षं ही धास्ती पोटात घेऊन झोपली अन् उठली. कुंकू घरीच करी, हळदीत चुना कालवून. रंग चढे तवा रोज तो बांध दिसे. अन् घरात मिरची आणली नाई. ज्या घरचा माणूस कधीही परत येईन, त्या घरात मिरची कशी येईन?

गेल्या महिन्यात बिस्मिल्लाबी गेली. आपल्या मरणानं, म्हातारी होऊन, आपल्या खाटेवर. तिले माती देऊन लोक परतले, तशी मी घरी आली. कपाळ पुसलं. मंग शेजारून पावशेर लाल मिरच्या मागून आणल्या अन् तव्यावर भाजल्या.

सारी गल्ली खोकायले लागली. बाया नाकाले पदर लावून दारात आल्या. पाटलाची तीच पोरगी, आता नातवाची आजी झालेली अन् माहेरी आलेली, खोकत खोकत म्हणाली, "काकू, हे काय? नत्थुबाबा आले तं काय म्हणतील?"

"नाई येत ते आता," म्या म्हटलं, अन् बत्तीस वर्षांचं रडू त्या धुरात रडून घेतलं.